स्वस्तातला डीव्हीडी प्लेअर: वापरणाऱ्यांनी अनुभव सांगा

कपाटभर

नमस्कार. घरी डीव्हीडी भरपूर आहेत. विकत घेतलेले सिनेमे, नाटकं, मुलांची गाणी, आणि कॅमेऱ्यावरून उतरवून घेतलेल्या घरच्या डिस्क. यातलं बरंचसं आज कुठल्याच ॲपवर सापडत नाही, आणि घरचं शूटिंग तर आपल्याशिवाय कुणाकडे असणारच नाही. जुना प्लेअर आता डिस्क आत घेतो, थोडा वेळ घरघरतो आणि 'नो डिस्क' दाखवून थांबतो. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नाही.

सगळ्यात कमी किमतीतले जे साधे प्लेअर मिळतात, पुढे यूएसबी, मागे एचडीएमआय आणि तीन रंगीत जॅक, तसा एखादा घ्यावा म्हणते. ज्यांच्याकडे असा प्लेअर खरोखर वापरात आहे त्यांच्याकडून ऐकायचंय. चित्र कसं येतं? जुन्या डिस्क वाचतो का? खोक्यावर '१०८०पी' छापलेलं असतं त्याला काही अर्थ असतो का? बैठकीत नवा टीव्ही आहे, आईच्या खोलीत जुना पिक्चर ट्यूबवाला. प्लेअर दोन्हीकडे चालायला हवा आणि रिमोट आईला जमायला हवा.

रातकिडा

आमच्याकडे असाच आहे, बरीच वर्षं झाली. आधी चांगलं सांगतो. नीट सेट केल्यावर चित्र आमच्या आधीच्या महागड्या प्लेअरइतकंच येतं. दोन्ही एकाच टीव्हीला जोडून तोच प्रसंग लावून पाहिला, सोफ्यावर बसून तरी फरक कळत नाही. यूएसबीवर गाणी लावून ठेवायलाही छान.

आता वाईट. रिमोट! बटणं बारीक, सगळी एका आकाराची, 'पॉज' आणि 'स्टॉप' एकमेकांना खेटून. समोर आकडे दाखवणारा डिस्प्ले नाही, फक्त एक लाल दिवा. त्यामुळे साधी ऑडिओ सीडी ऐकायची तरी कितवं गाणं चाललंय ते बघायला टीव्ही लावावा लागतो. प्लेअरच्या अंगावर ट्रे, प्ले आणि पॉवर एवढीच बटणं आहेत. रिमोट हरवला तर सेटिंगचा मेनू उघडायचा मार्गच नाही.

ट्रे पातळ प्लॅस्टिकचा आहे. बोटाने ढकलून बंद करायची सवय असेल तर ती सोडा, बटणानेच बंद करा.

जुनंतेसोनं

नवा स्वस्तातला घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. त्याच पैशात सेकंडहँडमध्ये जुना, वजनदार, पत्र्याच्या बॉडीचा चांगल्या कंपनीचा प्लेअर मिळतो. आतली यंत्रणा भक्कम, समोर डिस्प्ले, रिमोट हातात धरल्यावर रिमोट वाटतो. आताचे प्लेअर म्हणजे मोठ्या रिकाम्या डब्यात एक ड्राइव्ह आणि तळहाताएवढा बोर्ड.

सोल्डरगन

दुरुस्तीचं काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

स्वस्त आणि महाग प्लेअरच्या चित्रात फारसा फरक दिसत नाही, हे रातकिडा यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्याला कारण आहे. डिस्कवर एमपीईजी-२ पद्धतीने दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडण्याचं काम एकच चिप करते. हे तंत्र १९९६च्या अखेरीला पहिले प्लेअर बाजारात आले तेव्हा महाग होतं, पुढे ते इतकं स्वस्त झालं की सगळ्यात साध्या प्लेअरमध्येही हे काम बिनचूक होतं. कंपनीने पैसा वाचवलेला असतो तो दुसरीकडे: लेझर पिकअपमध्ये (डिस्क वाचणारा लेझर-लेन्सचा भाग), ट्रेच्या यंत्रणेत, पॉवर सप्लायमध्ये आणि रिमोटमध्ये. त्यामुळे मत बनवायचं ते 'डिस्क वाचतो कशा' यावर बनवा.

डीव्हीडीवर माहितीची रेघ गोल गोल फिरत जाते, तिचे वेढे एकमेकांपासून ०.७४ मायक्रॉनवर असतात, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये तेराशेहून जास्त वेढे. प्लेअरचा तांबडा लेझर ६५० नॅनोमीटरचा. डिस्क आतल्या बाजूला मिनिटाला साधारण १,४०० फेऱ्यांनी फिरते आणि बाहेरच्या कडेला जाईतो सहाशेच्या खाली येते. फिरताना ती किंचित वरखाली डुलतही असते, आणि एवढीशी लेन्स तारेच्या वेटोळ्यांवर तरंगत तो फोकस सतत धरून ठेवते. स्वस्त पिकअप हे सगळं करतो, पण त्याच्याकडे शिल्लक ताकद कमी असते. डिस्क चांगली असेल तोवर काही कळत नाही.

आणि सगळ्या डिस्क सारख्या उजळ नसतात. कारखान्यात छापलेली एका थराची डिस्क पडलेल्या प्रकाशाच्या ४५ ते ८५ टक्के परत पाठवते. दोन थरांची डिस्क आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू, या दोन्ही फक्त १८ ते ३० टक्के. लेझर म्हातारा व्हायला लागला की आधी याच दोन प्रकारच्या डिस्क नाकारायला लागतो. गिऱ्हाईक सांगतं, "सिनेमे चालतात पण घरच्या सीडी चालत नाहीत, सीडी खराब झाल्या." बऱ्याचदा डिस्क ठीक असते, प्लेअरची नजर गेलेली असते.

म्हणून दुकानात जाताना घरातल्या सगळ्यात अवघड डिस्क बरोबर न्या. एक आरडब्ल्यू, एक दोन थरांची (मोठा सिनेमा असलेली, साधारण ८.५ जीबीवाली), एक ओरखडलेली आणि एक घरी राइट केलेली. दुकानातल्या चकचकीत नव्या डिस्कवर सगळेच प्लेअर छान चालतात.

जुनंतेसोनं यांच्या सल्ल्याबद्दल: यंत्रणा भक्कम हे मान्य. पण सेकंडहँड प्लेअरचा लेझर किती वापरला गेलाय ते बाहेरून ओळखता येत नाही, आणि जुन्या मॉडेलचा नेमका पिकअप आता मिळेलच असं नाही. शिवाय बऱ्याच जुन्यांना एचडीएमआय नाही.

जुनंतेसोनं

लेझरचा मुद्दा मान्य. पण तुम्ही सांगितलेली चाचणी सेकंडहँडलाही लावता येते की. आरडब्ल्यू आणि दोन थरांची डिस्क पटकन उचलली, मधूनमधून पुढे उडी मारून पाहिलं तरी न अडखळता चालली, तर घ्यायला काय हरकत? माझा तसाच घेतलेला आहे आणि उत्तम चालतो. एचडीएमआय नाही हे खरं, कंपोनंटने (चित्राच्या हिरव्या-निळ्या-लाल तीन वायरी) जोडलाय.

सोल्डरगन

हरकत काहीच नाही. फक्त विकणाऱ्याने परत घेण्याची मुदत दिली पाहिजे. आणि चाचणी प्लेअर तापल्यावर करा. थंड असताना नीट वाचणारे काही प्लेअर तासाभराने अडखळायला लागतात.

पडदा

१०८०पीबद्दल मी लिहितो.

डीव्हीडीवरचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं (पाल, म्हणजे भारत-युरोपची टीव्ही पद्धत), किंवा ७२० गुणिले ४८० (एनटीएससी, अमेरिका-जपानची पद्धत). १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०. पालच्या चित्रात सव्वाचार लाखांच्या आत ठिपके, १०८०पीमध्ये वीस लाखांच्या वर, म्हणजे बरोबर पाचपट. हे जास्तीचे ठिपके डिस्कवर नसतातच, प्लेअर आजूबाजूच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. त्यामुळे खोक्यावरचं '१०८०पी' खोटं नाही, पण त्याचा अर्थ 'एचडी चित्र मिळेल' असा नाही. 'तेच चित्र ताणून त्या मापात बसवून देऊ' एवढाच.

आता खरा प्रश्न असा की ताणायचं कुणी, प्लेअरने की टीव्हीने? टीव्हीला कमी ठिपके मिळाले तर तोही ताणतोच. तेव्हा प्लेअरच्या मेनूत जाऊन एचडीएमआय रेझोल्यूशन एकदा ५७६पी ठेवा, एकदा १०८०पी ठेवा आणि एकच प्रसंग दोन्हीत बघा. कॅमेरा आडवा फिरतोय, मागे कौलं किंवा खिडकीचे गज आहेत, असं दृश्य घ्या. तिरप्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या तुटक दिसल्या तर ते काम करणारा कमी पडतोय. माझ्या टीव्हीवर ५७६पी ठेवून ताणायचं काम टीव्हीवर सोपवलं तर चित्र जास्त स्वच्छ येतं. दुसऱ्या टीव्हीवर उलट दिसू शकेल, म्हणून स्वतःच बघून ठरवा.

आणि टीव्हीतला 'शार्पनेस' कमी करा. दुकानातून येतो तेव्हा तो भरपूर वाढवलेला असतो, आणि डीव्हीडीवर त्याने चेहऱ्याभोवती पांढरी कड उमटते. लोक दोष प्लेअरला देतात.

कपाटभर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. आरडब्ल्यूचं वाचून चमकले. आमच्या बऱ्याच घरच्या डिस्क आरडब्ल्यूच आहेत, आणि त्या खराब झाल्या म्हणून आम्ही बाजूला काढून ठेवल्या होत्या.

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीबद्दल कुणी सांगेल का? तिथे पिवळा-पांढरा-लाल एवढेच जॅक आहेत.

वायरगुंता

तिथे तीन गोष्टी बघाव्या लागतील, तिन्ही सेटिंगच्या.

एक, बऱ्याच प्लेअरवर एचडीएमआय किंवा प्रोग्रेसिव्ह (प्रत्येक चित्र एका दमात पूर्ण पाठवणं) चालू ठेवलं की पिवळ्या जॅकमधून चित्र येणं बंद होतं, किंवा पडद्यावर नुसत्या फाटलेल्या पट्ट्या येतात. म्हणजे बैठकीत सेट केलेला प्लेअर आईच्या खोलीत नेऊन जोडलात तर टीव्ही काळा, आणि काळ्या पडद्यावर मेनू दिसणार नाही म्हणून दुरुस्तही करता येणार नाही. त्यासाठी रिमोटवर एक बटण असतं, कुणावर 'व्हिडिओ', कुणावर 'पी-स्कॅन', कुणावर 'व्ही-मोड'. ट्रेमध्ये डिस्क नसताना ते थांबून थांबून दाबत जा, आउटपुट एकेक करून बदलत जातो आणि कुठल्या तरी दाबण्याला चित्र उमटतं. घ्यायच्या आधी रिमोटवर असं बटण आहे ना ते बघा. दोन टीव्हींमध्ये फिरणाऱ्या प्लेअरला हे नसेल तर रोजचा ताप.

दोन, पडद्याचा आकार. जुन्या टीव्हीसाठी '४:३ लेटरबॉक्स' निवडा. '१६:९' राहिलं तर माणसं उंच आणि बारीक दिसतात. नव्या टीव्हीला परत नेलं की '१६:९' करायचं, नाहीतर तिथे चारही बाजूंनी काळी चौकट येते.

तीन, चित्र काळंपांढरं आलं तर घाबरू नका. टीव्ही पालचा आणि प्लेअर एनटीएससी पाठवतोय असं असेल तर रंग जातो. मेनूत 'टीव्ही सिस्टिम' पाल करा. नव्या फ्लॅट टीव्हीवर काळंपांढरं दिसलं तर कारण वेगळं असतं: काही टीव्हींवर पिवळी पिन आणि कंपोनंटची हिरवी पिन एकाच जॅकमध्ये लावायची असते, आणि टीव्ही ती कंपोनंट समजून बसलेला असतो. इनपुट बदललं की रंग येतात.

रातकिडा

वायरगुंता यांचं ते 'व्हिडिओ' बटण खरंच सोन्याचं आहे. आमच्या रिमोटवर ते खाली कोपऱ्यात आहे.

धाकटीपाती

लहान मुलांच्या घरी हा प्लेअर कसा, ते माझ्याकडून. मुलांच्या डिस्कवर बोटांचे ठसे, चिकट डाग, सगळं असतं. आमचा प्लेअर बऱ्यापैकी सहन करतो, पण एक कोडं सुटत नाही. काही सिनेमे बरोबर मध्यावर अडकतात आणि काही शेवटाकडे. असं का होत असेल?

सोल्डरगन

छान निरीक्षण आहे, आणि उत्तरही नेमकं आहे. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. एका थराच्या डिस्कवर सिनेमा भरून असेल तर शेवटचा भाग बाहेरच्या कडेजवळ येतो. दोन थरांच्या सिनेमात पहिला थर आतून बाहेर वाचून झाला की लेझर फोकस बदलतो आणि दुसरा थर सहसा बाहेरून आत वाचत येतो. म्हणजे तिथे सिनेमाचा मध्य कडेला येतो. आणि मुलं डिस्क धरतात ती कडेलाच! मध्यावर क्षणभर चित्र थबकून पुढे चालू झालं तर तो थर बदलल्याचा थांबा, दोष नाही. तिथेच अडकून बसलं तर कड पुसा.

पुसताना मऊ सुती कापड, लागलंच तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब. पुसायचं मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नका. मधून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक वेढ्याला एकाच ठिकाणी छेदतो, गेलेले तेवढे आकडे प्लेअर चूक-दुरुस्तीच्या गणितातून भरून काढतो. वेढ्याच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र लांबच लांब तुकडा एका दमात खाऊन टाकतो, तिथे गणित हरतं. टूथपेस्टने घासायचा सल्ला सगळीकडे फिरतो, पण त्याने एक ओरखडा बुजवताना शंभर बारीक ओरखडे पडतात. घरच्या डिस्कवर तर मुळीच नको.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर ती फिरताना डुलते. प्लेअरमधून हुंकारासारखा आवाज येतोय म्हणून तक्रार घेऊन आलेल्यांच्या डिस्कवर हे लेबल बऱ्याचदा सापडतं.

धाकटीपाती

अगदी बरोबर, मध्यावर अडकणाऱ्या सगळ्या डिस्क मोठ्या सिनेमांच्याच आहेत! पुसून सांगते.

आणखी एक, मुलं असलेल्या घरांसाठी: 'रिझ्युम' आहे का बघा. जेवायला उठलं, प्लेअर बंद केला, परत लावल्यावर तिथूनच सुरू झालं पाहिजे. आमच्यावर एकदा 'स्टॉप' दाबलं तर जागा लक्षात राहते, दोनदा दाबलं की सुरुवातीपासून. हे आधी कळलं असतं तर बरंच रडणं वाचलं असतं.

आवाजकमी

आमची मुख्य तक्रार आवाजाची होती. बोलणं पुटपुटल्यासारखं आणि मारामारी सुरू झाली की कान फुटतात. रिमोट हातात धरून आवाज वरखाली करतच सिनेमा बघायचा.

कारण असं की सिनेमाचा आवाज ५.१ म्हणजे सहा वाहिन्यांसाठी केलेला असतो आणि बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी. टीव्हीच्या दोन स्पीकरमध्ये सगळं एकत्र ओतलं की बोलणं दबतं. उपाय प्लेअरच्या मेनूतच आहे: 'डाउनमिक्स' स्टिरिओ करा आणि 'डायनॅमिक रेंज' किंवा 'नाइट मोड' चालू करा. मोठे आवाज दाबले जातात, हळू आवाज उचलले जातात. डिस्कच्या मेनूत दोन वाहिन्यांचा ट्रॅक वेगळा दिला असेल तर तो त्याहून चांगला.

एचडीएमआयवर चित्र येतं पण आवाज येत नाही, असं झालं तर डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर (साधा, न दाबलेला आवाज) ठेवा. आणि एखाद्याच डिस्कला आवाज नाही, असं असेल तर तिचा डीटीएस ट्रॅक (डॉल्बीसारखीच आवाज साठवायची दुसरी पद्धत) लागलेला असतो. बरेच स्वस्त प्लेअर डीटीएस उलगडत नाहीत. 'ऑडिओ' बटण दाबून डॉल्बीवर या.

प्रवासी_पेटी

माझ्या डिस्क वेगवेगळ्या देशांतून आल्या आहेत, म्हणून मला रीजनचा प्रश्न महत्त्वाचा. कुणाला माहीत नसेल तर: विकायच्या डीव्हीडींवर रीजनचा आकडा असतो. १ अमेरिका आणि कॅनडा, २ युरोप आणि जपान, ३ आग्नेय आशिया, ४ ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिका, ५ भारत, रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग, ६ चीन. डिस्कच्या खोक्यामागे पृथ्वीगोलात तो छापलेला असतो. तुमचा प्लेअर ५चा आणि डिस्क १ची असेल तर पडद्यावर रीजन चुकल्याचा संदेश येऊन काम थांबतं.

इथे स्वस्त प्लेअर महाग प्लेअरपेक्षा उजवे ठरतात, हे माझं ठाम मत. त्यातले कित्येक सगळे रीजन चालवतात. नावाजलेल्या कंपन्यांचे प्लेअर यात जास्त कडक. घरी राइट केलेल्या डिस्कवर रीजनची कटकट नसते, त्यामुळे कपाटभर यांना घरच्या डिस्कची काळजी नको.

पडदा

यात भर: रीजन जुळलं तरी पाल आणि एनटीएससी हा वेगळा प्रश्न आहे. पाल सेकंदाला २५ चित्रं, एनटीएससी जवळपास ३०. नवे टीव्ही दोन्ही घेतात, जुने घेतीलच असं नाही. मेनूत 'ऑटो' ठेवलं तर प्लेअर डिस्कवर आहे तेच पाठवतो, 'पाल' ठेवलं तर बदलून पाठवतो आणि हालचाल जराशी झटके खात होते. नव्या टीव्हीला ऑटो, जुन्याला पाल.

गाणीचगाणी

यूएसबीबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. पेन ड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट केलेला हवा. एनटीएफएस केलेला बहुतेक साधे प्लेअर ओळखतच नाहीत. गाण्यांच्या फाइलना देवनागरीत नावं दिली असतील तर पडद्यावर चौकोन किंवा भलतीच अक्षरं येतात, तिथे रोमन लिपीतच नावं द्यावी लागतात. वाईट वाटतं पण इलाज नाही. आणि गाणी नावाच्या क्रमाने न लागता ज्या क्रमाने कॉपी झाली त्याच क्रमाने लागतात. म्हणून आधी पेन ड्राइव्ह रिकामा करून गाणी हव्या त्या क्रमाने एकेक टाका. मोबाइलवर केलेलं शूटिंग यात चालेल अशी आशा ठेवू नका. हे प्लेअर जुन्या डिव्हएक्स-एक्सव्हिड फाइली चालवतात, नवे व्हिडिओ बहुतेक नाही.

जुनंतेसोनं

कपाटभर यांना एक कळकळीची विनंती. प्लेअर कुठलाही घ्या, पण घरच्या डिस्कची कॉपी आधी करून ठेवा. राइट केलेल्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या (आरडब्ल्यूमध्ये मिश्रधातूच्या) थरावर असते, आणि उन्हाने, उष्णतेने तो थर उतरत जातो. आज एखादी डिस्क कशीबशी वाचली जातेय म्हणजे पुढेही वाचली जाईल असं नाही.

कॉम्प्युटरला यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो, फार महाग नसतो. घरच्या डिस्कना कुलूप नसतं. आत 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर असतो, तो जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरवायचा. त्यातल्या मोठ्या व्हीओबी फाइली म्हणजेच तुमचं शूटिंग, प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या तुकड्यांत. कॉपी दोन ठिकाणी ठेवा. एखादी डिस्क मध्येच अडली तर लगेच हार मानू नका, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं.

सोल्डरगन

शंभर टक्के सहमत. आणि एखादी घरची डिस्क फक्त ज्या यंत्रावर लिहिली तिथेच चालत असेल, तर ती 'फायनलाइज' करायची (लिहिणं संपवून डिस्क बंद करायची) राहिलेली असू शकते. ते यंत्र अजून कुणाकडे असेल तर त्यातूनच फायनलाइज करून घ्या, मग इतर प्लेअर ओळखतील.

घरचादुरुस्त

जुना प्लेअर फेकायच्या आधी लेन्स साफ करून बघावी का? वर झाकण उघडलं की दिसते ती.

सोल्डरगन

करून बघायला हरकत नाही, पण जपून. आधी प्लग काढा आणि थोडा वेळ जाऊ द्या. पॉवर सप्लायच्या बोर्डावर मोठा गोल कपॅसिटर असतो, प्लग काढल्यावरही त्यात झटका बसण्याइतका दाब उरतो, त्या बाजूला हात नको. झाकण उघडं असताना प्लेअर चालू करून लेन्समध्ये डोकावू नका, लेझर डोळ्यांना घातक असतो.

कापसाची काडी आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवा, टपकता कामा नये. लेन्सवर अलगद फिरवा, दाबू नका, लेन्स मऊ तारांवर टांगलेली असते. धूळ हेच कारण असेल तर फरक लगेच दिसतो. ट्रे अर्धवट बाहेर येऊन अडत असेल तर बहुतेक रबरी पट्टा सैल झालेला असतो, तो बदलणं किरकोळ काम आहे. प्लेअर चालूच होत नसेल तर कपॅसिटरची डोकी फुगलेली आहेत का बघा, ती सपाट असायला हवीत. फुगली असतील तर ते मात्र जाणकाराकडूनच बदलून घ्या.

कपाटभर

कळवायला आले. जुन्या प्लेअरची लेन्स साफ करून पाहिली. छापील सिनेमे परत चालायला लागले, आरडब्ल्यू अजून नाकारतो. म्हणजे लेझर थकलाय, सोल्डरगन म्हणाले तसंच.

नवा साधाच घेतला. दुकानात डिस्कची थैली घेऊन गेले. पहिल्या प्लेअरने आरडब्ल्यू ओळखली नाही, दुसऱ्याने चारही प्रकार घेतले, थर बदलायच्या जागी क्षणभर थबकला आणि पुढे गेला. तोच आणला. 'व्हिडिओ' बटण रिमोटवर आहे आणि दोन्ही खोल्यांत तपासून झालं. बैठकीतल्या टीव्हीवर ५७६पीच जास्त चांगलं दिसतं. बाजूला काढलेल्या आरडब्ल्यूंपैकी बहुतेक व्यवस्थित चालल्या! बाहेरचा ड्राइव्हही घेतला, कॉपी सुरू केल्या आहेत.

आता एकच अडचण. आई रिमोटवर चुकून 'सेटअप' दाबते आणि मेनूत अडकते. बटण झाकायचा काही उपाय?

धाकटीपाती

आमच्याकडे मुलांसाठी केलेला उपाय सांगते. नको असलेल्या बटणांवर जाड पुठ्ठ्याचा तुकडा चिकटपट्टीने लावला आहे, फक्त प्ले, पॉज, बाण आणि ओके उघडे ठेवलेत. कडेने पट्टी नीट दाबली की निघत नाही.

सोल्डरगन

उपाय चांगला आहे. एवढंच करा, 'व्हिडिओ'चं बटण झाका पण पट्टी सहज उचलता येईल अशी ठेवा, प्लेअर बैठकीत नेताना लागेल. आणि रिमोटच्या मागच्या बाजूचा नंबर कुठेतरी लिहून ठेवा. हरवला तर त्या नंबरावरून बदली रिमोट शोधता येतो, नुसत्या प्लेअरच्या नावावरून मिळणं अवघड जातं.